दप्तर घरात ठेवायचं म्हणजे काय करायचं

घरातल्या कपाटात ठेवायच्या एका काळ्या पेटीवर मी गेल्या महिन्यात पाऊण लाखाच्या वर खर्च केला. "एवढ्यात चांगला फ्रिज आला असता" इथपासून "क्लाऊड असताना हे कशाला?" इथपर्यंत सगळं ऐकून झालंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, मध्ये थोडं तांत्रिक येईल, पण सवडीने वाचा. आपले कागद, फोटो आणि नोंदी कुणाच्या ताब्यात असाव्यात आणि त्या सांभाळायच्या म्हणजे रोजच्या जगण्यात काय काय करावं लागतं, हा प्रश्न तुमच्या घरातही आहेच.

आधी ही पेटी म्हणजे काय ते सांगतो. तिला 'नॅस' म्हणतात. सोपं सांगायचं तर दोन-चार हार्ड डिस्क बसवता येतील असा छोटा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो घरच्या राउटरला जोडलेला असतो आणि चोवीस तास चालू असतो. घरातले सगळे फोन, लॅपटॉप त्यावर फोटो आणि फायली ठेवतात. ऑफिसात सामायिक फोल्डर असतो ना, तसंच, फक्त घरचं.

माझी जुनी पेटी २०१४ची. दोन डिस्क, प्रत्येकी तीन टीबीच्या. त्या भरत आल्या होत्या, पण ते काही फार मोठं कारण नव्हतं. खरं कारण म्हणजे त्या पेटीला नवीन सॉफ्टवेअर मिळणं बंद झालं होतं. नेटवर्कला जोडलेल्या आणि अपडेट न मिळणाऱ्या पेटीत घरचं दप्तर ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली कुंडीखाली ठेवण्यासारखं आहे. आज ना उद्या कुणीतरी कुंडी उचलतोच.

आता त्यात आहे काय?

आमचं मूळ गाव माणदेशात. आबा प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांना कागद जपायची सवय होती. एक पत्र्याची ट्रंक होती त्यांची. सातबाराचे हाती लिहिलेले उतारे, फेरफारांच्या नकला, शेतसाऱ्याच्या पावत्या, आजीचं मृत्यूचं प्रमाणपत्र, १९७२च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामावर काढलेले दोन-तीन फोटो, सोसायटीच्या कर्जाचे कागद, पत्रं. २०१५च्या मे महिन्यात मी आठ दिवस गावी बसून ती सगळी ट्रंक स्कॅन केली. एकेका कागदाला नाव दिलं, तारीख घातली. त्यानंतर तीन वर्षांनी गावच्या घराला वाळवी लागली. ट्रंक पत्र्याची असली तरी तळाला गंज चढून भोकं पडली होती. खालचा एक वीतभर थर तिने खाल्ला.

ही स्कॅन कामाला आली ती आत्यासाठी.

आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आबांनी बहिणीचं नाव सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यात लावून घेतलं होतं. हाती लिहिलेल्या उताऱ्यावर ते स्पष्ट होतं. पुढे सगळे उतारे संगणकावर चढले आणि त्या चढण्या-उतरण्यात आत्याचं नाव गळालं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हजारो उतारे टाइप करायचे, अक्षर जुनं, रकाने दाटीवाटीचे. पण आत्याच्या दृष्टीने परिणाम एकच. जमिनीच्या वाटपाची गोष्ट निघाली तेव्हा तिला सांगण्यात आलं की तुमचं नाव कुठेच नाही.

"अरे, माझ्या भावानं माझ्यासमोर नाव लावलं होतं. मी काय खोटं बोलते का?" आत्या फोनवर हे पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला जमिनीपेक्षा या वाक्याचं जास्त लागलं होतं.

आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, "जुनं रेकॉर्ड सापडत नाही. फेरफार नंबर असला तर बघतो." आता सत्तरीच्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार नंबर कुठून माहीत असणार? ट्रंकेतला तो कागद वाळवीने खाल्लेला. पण स्कॅन होती. तलाठ्याच्या शिक्क्यासकट, फेरफार क्रमांकासकट. नंबर दिल्यावर त्याच कार्यालयातल्या त्याच माणसाने त्याच दुपारी मूळ नोंदवही काढून दिली. रेकॉर्ड हरवलेलं नव्हतंच, त्याच्यापर्यंत पोचायची वाट हरवली होती. पुढे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली, म्हणजे लेखनप्रमादाची दुरुस्ती या कलमाखाली अर्ज केला. सात महिने गेले, पण आत्याचं नाव परत लागलं.

तर माझ्या लेखी त्या पेटीची किंमत ही आहे. एक नंबर.

यात नवीन काही नाही हो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा आख्खा महाराष्ट्र पणजोबांची नोंद शोधत होता. मोडी वाचणारे माणूस मिळेनात. शाळेचे जुने दाखले, जन्ममृत्यूच्या वह्या, खासरापत्रकं यांची नावं चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागली होती. तुमचं त्या प्रश्नावर मत काहीही असो, एक गोष्ट त्या वर्षी सगळ्यांना कळली. जुना कागद असणं आणि नसणं यात हक्काचं अंतर असतं.

मग क्लाऊड का नको? नको असं मी म्हणतच नाही. माझीही एक प्रत क्लाऊडवर आहे, पुढे सांगतोच. पण क्लाऊड म्हणजे भाड्याची खोली. खोली चांगली असते, वॉचमन असतो, पाणी-वीज त्यांची. फक्त भाडं किती आणि खोली कधी रिकामी करायची, हे घरमालक ठरवतो. ऑर्कुट आठवतंय? आपल्या पिढीची पहिली मराठी कट्टेबाजी तिथे झाली. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. गूगल फोटोज २०१५ साली 'हवे तेवढे फोटो फुकट' म्हणत आलं आणि १ जून २०२१पासून ती फुकट अमर्याद सोय संपली. कंपनीने आधी सूचना दिली होती, नियमाने वागली, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण तोपर्यंत लोकांनी मुलांच्या जन्मापासूनचे फोटो तिथेच ठेवले होते आणि दुसरीकडे हलवायचे म्हटलं तर कुठून सुरुवात करायची तेही माहीत नव्हतं. भाडं द्यायला हरकत नाही. फक्त घरात एक तरी खोली स्वतःची असावी.

आता पेटी बदलण्याबद्दल. ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडून पुढे जा, पण वाचलंत तर पैसे वाचतील.

नवी पेटी चार डिस्क बसतील अशी घेतली. सध्या दोनच बसवल्या, आठ-आठ टीबीच्या. दोन खण रिकामे. कपाट घेताना आपण भरून घेत नाही, तसंच. दोन डिस्क एकमेकींच्या आरशात आहेत, म्हणजे जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. त्यामुळे सोळा टीबीचे पैसे देऊन जागा मिळते आठची. आणि आठ म्हणावं तर कॉम्प्युटर दाखवतो ७.२७. दुकानदाराने फसवलं असं वाटून भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, बरेचसे कॉम्प्युटर १०२४च्या पटीत. शेर आणि किलोसारखा प्रकार आहे.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या नाहीत. एका घाण्यातल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो, आणि दोघी एकाच आठवड्यात गेल्या तर आरसा काय कामाचा? शिवाय डिस्क घेताना एक गोष्ट विचारून घ्या. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवून लिहितात. त्याने जागा वाढते, पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. असल्या पेट्यांमध्ये ते अडचणीचं ठरतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या काही डिस्कमध्ये हीच पद्धत वापरली होती, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर यादी जाहीर झाली. तेव्हा 'सीएमआर' की 'एसएमआर' एवढं विचारा. सीएमआर पाहिजे.

नव्या डिस्क आल्या आल्या भरल्या नाहीत. आधी त्यांची सगळी पृष्ठं तपासणारी लांबलचक चाचणी लावली. आठ टीबीला पाऊण दिवस लागतो. डिस्क बिघडायच्या तर बऱ्याचदा कोवळेपणी नाहीतर म्हातारपणी, त्यामुळे पहिला महिना डोळ्यात तेल घालून बघायचा असतो. मग जुन्या पेटीतून नवीत नक्कल. रात्रभर चालली. नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फायली अक्षरन् अक्षर जुळतात का हे पडताळून पाहिलं. ते झाल्याशिवाय जुनीतलं काहीही पुसायचं नाही, हा नियम. बँकेत कॅशियर नोटा दोनदा मोजतो ना, तसं.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी आपली आपण सगळी माहिती वाचून बघते, एखादा कण बदललाय का. बदलला असेल तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. हे लावून ठेवावं लागतं. आपोआप होईलच असं धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या पुतण्याने चुकून फोल्डर पुसला तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो. घराला आग लागली, चोर पेटी घेऊन गेला, तर दोन्ही एकदमच जातात. २०२१-२२मध्ये जगभर हजारो घरांतल्या आणि छोट्या ऑफिसांतल्या अशा पेट्यांवर खंडणीखोरांनी हल्ले केले. फायलींना कुलूप घालायचं आणि किल्लीसाठी पैसे मागायचे. त्यातल्या बहुतेक पेट्या थेट इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या होत्या. माझी पेटी बाहेरून दिसत नाही. बाहेरगावाहून फायली बघायची हौस मला नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने एक सोपा हिशोब लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत नव्या पेटीत. दुसरी क्लाऊडवर, पण घरातून निघण्याआधीच कुलूपबंद केलेली, म्हणजे घरमालकाला खोली दिसते, सामान दिसत नाही. आणि तिसरी साताऱ्याला ताईकडे. जुनी पेटी पुसून, इंटरनेटवरून कुणी तिच्यापर्यंत पोचणार नाही अशी बंदिस्त करून तिच्याकडे नेऊन ठेवली. दर दिवाळीला आणि मे महिन्यात जातो तेव्हा ती चालू करून ताजी करतो. एरवी बंदच.

ताई आधी म्हणाली, "तुझं खोकं माझ्या घरी कशाला रे?"

"ताई, तुझ्या लग्नाचे फोटो पण त्यातच आहेत."

"मग असं कर, टीव्हीखाली ठेव. तिथं पुसलं जातं रोज."

आता ठेवायची कुठे, हा पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला राष्ट्रीय प्रश्न. हॉलमध्ये ठेवली तर तिची घरघर सीरियलच्या मध्ये येते. बेडरूममध्ये रात्री झोप लागत नाही. माळ्यावर ठेवायचं सगळ्यात आधी सुचतं, पण वरचा स्लॅब एप्रिल-मे महिन्यात भट्टी असतो. स्वयंपाकघरात तेलकट धूर. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला कधी ओल धरेल सांगता येत नाही. जमिनीवर ठेवली तर फरशी पुसणाऱ्या मावशींची बादली आहेच.

शेवटी पॅसेजमधल्या कोनाड्यात, छातीच्या उंचीवर, एक छोटं कपाट करून घेतलं. सुतारदादा आले. त्यांना म्हटलं, दार बंद नको, जाळीचं पाहिजे. खालून हवा आत यायला एक फट आणि वरच्या बाजूला पंखा बसवायला गोल भोक.

"साहेब, यात कोंबड्या ठेवायच्यात का?"

"नाही हो दादा, आमच्या वडिलांचे कागद."

ते हसले, पण काम चोख केलं. डासांची जाळी लावली, ती काढून धुता येईल अशी. जाळीला कारण आहे. कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. मित्राच्या यूपीएसच्या मागे तिने मातीचं घर बांधलेलं मी पाहिलंय. मुंग्या आणि पाली वेगळ्याच. वरच्या भोकात कॉम्प्युटरचा साधा पंखा बसवला, गरम हवा बाहेर फेकणारा. लाकडी फळीला कंप जाऊ नये म्हणून पेटीखाली रबराचे चार तुकडे. डिस्कच्या आत चकती मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी अंतर. त्या फळीवर मिक्सर ठेवायचा नसतो.

उष्णतेबद्दल फार घाबरवलं जातं. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचं नातं लोक समजतात तितकं घट्ट दिसलं नाही. फार जास्त तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्येच ते जाणवलं. म्हणून एसी लावायची गरज नाही, पण बंद कपाटात कोंडायचंही नाही. माझ्याकडे दार बंद आणि पंखा बंद असताना एकावन्न अंश दाखवत होतं. जाळी आणि पंख्यानंतर एकोणचाळीस-चाळीस. एवढं पुरे.

वीज. पेटीला यूपीएस पाहिजेच. इन्व्हर्टर आहे म्हणून चालेल असं समजू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला लागणारा क्षणसुद्धा लिहीत असलेल्या डिस्कला पुरतो. यूपीएसपासून पेटीला एक केबल जाते, तिच्यावरून 'वीज गेली, बॅटरी संपत आली' हा निरोप मिळतो आणि पेटी आपली आपण नीट बंद होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आठवड्यातून तीनदा जाते, त्यामुळे हा निरोप रोजच्या वापरातला आहे. अर्थिंग तपासून घ्या. वीजबिलाचं विचाराल तर महिन्याला पंधरा-वीस युनिट.

हे कपाट बनवताना मला पुण्याचं पेशवे दफ्तर आठवत होतं. तिथले कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे कापडी बस्ता. असे हजारो रुमाल आहेत. कापड धूळ अडवतं आणि हवा जाऊ देतं. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला जे कळत होतं, तेच मी सुतारदादांना समजावत होतो. १९३०च्या दशकात रियासतकार सरदेसाईंनी त्या दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. छापून झाल्यावर ते कागद एका इमारतीत अडकून राहिले नाहीत, गावोगावच्या ग्रंथालयात गेले. रुमाल हे ठेवणं झालं आणि खंड हा बॅकअप.

आता इथून सार्वजनिक प्रश्नाकडे येतो.

पुणेकरांना नोंदी एका जागी असण्याचा धोका वेगळा सांगायला नको. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. पाणी एका दिवसात ओसरलं, पण ज्या घरांत ते शिरलं तिथले दाखले, खतं, फोटो पुन्हा कधी सापडले नाहीत. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, आणि मजलेच्या मजले फायलींसकट जळाले.

आणि सगळं डिजिटल केलं की प्रश्न सुटतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. २६ सप्टेंबर २०२५ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सुरुवात लिथियम बॅटरीतून झाली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं ठेवायची एक सामायिक साठवण होती, 'जी-ड्राइव्ह' नावाची. ८५८ टीबी. ती गेली ती गेलीच, कारण तिची बाहेर प्रत नव्हती. कारण काय दिलं? साठा फार मोठा असल्यामुळे बॅकअप घेता येत नव्हता. जगातल्या सर्वांत पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी हे एक. माझ्या हिशोबाने ८५८ टीबी म्हणजे माझ्या पेटीतल्यासारख्या सव्वाशेहून कमी डिस्क. एका खोलीत मावतील. पैसा किंवा जागा नव्हती म्हणून हे घडलं नाही. दुसरी प्रत ठेवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. १९५४चा कायदा सांगतो की प्रत्येक प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या एकेका ग्रंथालयाला पाठवायची. चार शहरांत चार प्रती. क्रोगसाहेबांच्या कितीतरी आधी आपल्या संसदेने हा हिशोब केला होता. पण तो कायदा छापील गोष्टींचा आहे. आज ग्रामपंचायतीचा ठराव पीडीएफमध्ये असतो, सूचना व्हॉट्सॲपवर येते आणि संकेतस्थळ कंत्राटदार बदलला की नवं होतं, जुनं पान जातं. १९९३चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्याच धर्तीवर महाराष्ट्राचा २००५चा आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूची करून, अनुक्रम लावून ठेवायचे. सूची! आत्याच्या प्रकरणात अडलं होतं ते तिथेच. कागद होता, सूची नव्हती.

मला वाटतं, 'डिजिटायझेशन झालं' असं कुठलंही कार्यालय जाहीर करतं तेव्हा नागरिकांनी तीन साधे प्रश्न विचारायला हवेत. दुसरी प्रत कुठल्या गावी आहे? ती उघडून, पडताळून शेवटची कधी पाहिली? आणि मूळ कागदाचं काय केलं? माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतात. आपल्या नगरपालिकेला, जिल्हा परिषदेला, विद्यापीठाला विचारा. विचारायची सवय लागली की ते काम कुणाच्यातरी टेबलावर जाऊन पडेल.

पण आपल्याही अंगणात बघू. सरकारची एक प्रत आणि नागरिकाची एक प्रत, अशा दोन जागी नोंद असली की तिसऱ्या कुणाला ती गाळता येत नाही, चुकूनसुद्धा. आबांनी ट्रंक सांभाळली ते हौसेने नव्हे. गावात दुष्काळ, भाऊबंदकी आणि कचेरी या तिन्हींशी ज्याला झगडायचं असतं त्याला पावती जपावीच लागते.

"सगळ्यांना पाऊण लाख कसे परवडतील?" बरोबर आहे. म्हणून सांगतो, पेटी ही चैन समजा. गरज कमी पैशांत भागते. दोन साध्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क घ्या. एक आपल्या घरी, एक भावाकडे किंवा मावशीकडे, शक्यतो दुसऱ्या गावात. वर्षातून दोनदा अदलाबदल करा. अदलाबदल करताना दोन्ही उघडून बघा. पेनड्राइव्हवर कायमचा भरवसा ठेवू नका. जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यावर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून पेटी तयार होते, कॉलेजातली मुलं दोन दिवसांत करून देतात. आणि मूळ कागद फेकू नका. स्कॅन ही वाट आहे, कोर्टात सहसा मूळ कागद लागतो.

एक शेवटची गोष्ट, जी या विषयावर लिहिणारे सहसा टाळतात. आबांच्या ट्रंकेला कुलूप नव्हतं. ते गेल्यावर कुणीही उघडू शकत होतं. माझ्या पेटीला चार पासवर्ड आहेत. मी उद्या नसलो तर बायको-मुलीसाठी ती पेटी म्हणजे घरघर करणारी वीट. म्हणून साध्या कागदावर, बॉलपेनने, मराठीत दोन पानं लिहिली आहेत. काय कुठे आहे, कसं उघडायचं, बिघडलं तर आधी काय करायचं आणि काय करायचं नाही. एक पाकीट घरी विम्याच्या कागदांबरोबर, एक ताईकडे. मुलीला सांगितलं, ते पान वाचून, मला काही न विचारता पणजोबांच्या वारसनोंदीची स्कॅन काढून दाखव. तिला पंचवीस मिनिटं लागली. दोन ठिकाणी अडली, ती वाक्यं मी बदलली.

तुम्हीही या रविवारी एवढंच करा. घरातला सगळ्यात जुना असा एक कागद काढा, ज्यावर नंबर आणि शिक्का आहे. खिडकीपाशी उजेडात त्याचा स्वच्छ फोटो घ्या. फाईलला नाव द्या, त्यात साल आणि नंबर घाला. आणि तो घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाठवा, शक्यतो बहिणीला किंवा आत्याला. त्यांचं नाव त्या कागदावर असेल तर आधी त्यांनाच.